'फॉर्मॅट मारावा लागेल' म्हणणाऱ्यांस

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एक वाक्य ठरलेलं असतं. मशीन टेबलावर चढवलं, वायर जोडली, काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या दोन ओळी उमटल्या, की काउंटरमागचा मुलगा त्या ओळी न वाचताच सांगतो, "विंडोज उडाली. फॉर्मॅट मारावा लागेल." आणि त्याच दमात पुढे, "डेटा जाईल, चालेल ना?" जणू चहात साखर कमी चालेल ना, असं विचारतोय.

मंडळी, चालणार नाही. जळगावात काय, धुळ्यात काय, हे वाक्य ऐकून मुकाट मान डोलावणारी शहाणीसुरती माणसं मी इतकी पाहिली आहेत की आता यावर लिहिलंच पाहिजे. फॉर्मॅट ही दुरुस्ती नाही. कुलूप उघडत नाही म्हणून घर पाडून त्या जागी नवं बांधून देणाऱ्या माणसाला आपण कुलूपवाला म्हणत नाही.

मी साडेतीन दशकं हायस्कूलला मराठी आणि इतिहास शिकवला. पेपर हातात पडला की आधी प्रश्न नीट वाचा, हे वाक्य दर मार्चमध्ये किती वेळा बोललो असेन याचा हिशेब नाही. दुकानातला मुलगा नेमकं तेच करत नाही. पडद्यावर काय लिहून आलंय ते वाचत नाही. आणि बहुतेक वेळा दुखणं तिथेच, पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं.

हे सगळ्यात जास्त भोवतं ते एका मशीनवर दोन संसार मांडणाऱ्यांना, म्हणजे विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी ठेवणाऱ्यांना. याला ड्युअल बूट म्हणतात. 'हे उपद्व्याप सांगितलेत कोणी' असं विचारणारे नातेवाईक माझ्याही घरात आहेत, म्हणून कारण सांगतो. शाळेचे अहवाल, प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाचे अंक असं माझं पंधरा-वीस वर्षांचं टंकलेखन श्रीलिपीत आहे. ते युनिकोडमध्ये नाही. तो फाँट नसेल तर फाइल उघडते, पण 'मुख्याध्यापक' या शब्दाच्या जागी नुसती चिन्हांची खिचडी दिसते. म्हणून विंडोज ठेवावी लागते. बाकी वाचन, पत्रव्यवहार आणि ही अनुदिनी लिनक्सवर, कारण माझं जुनं मशीन तिथे मोकळा श्वास घेतं. आता तर असे लोक आणखी वाढणार. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. चांगली धडधाकट मशीनं एका कागदाने म्हातारी ठरवली. (निवृत्तीचं वय झालं म्हणून घरी पाठवलेल्या माणसाला हे जरा जास्त लागतं, सोडून द्या.) अशा मशीनवर मुलं लिनक्स टाकून देतात, नोकरीला पुण्याला निघून जातात, आणि मागे राहिलेल्या आईसमोर एक दिवस काळा पडदा येतो.

तर काळा पडदा म्हणजे झालं काय? जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये डिस्कच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाइटांची एक चिंचोळी जागा असते. त्यातले ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या सूचनांचे, ६४ बाइट डिस्कवर कुठून कुठवर कोणाची जागा आहे त्या नोंदीचे, आणि शेवटचे दोन नुसती खूण म्हणून. युनिकोडमध्ये आपलं एक अक्षर साधारणपणे तीन बाइट घेतं, मात्रा वेगळी. म्हणजे त्या ४४६ बाइटांत दीडशे अक्षरंही मावत नाहीत. बिघडतं ते बहुतेक वेळा एवढंच. आत शेकडो गिगाबाइट जशेच्या तसे असतात. शेताचा सात-बारा हरवला तरी शेत जागेवर असतं, विहीर जागेवर असते, बांधावरचं निंबाचं झाडही जागेवर असतं. उतारा नव्याने काढायचा की शेतावर जेसीबी फिरवायचा, एवढाच प्रश्न आहे.

नव्या, म्हणजे विंडोज ८ नंतरच्या बहुतेक मशीनमध्ये तर हे आणखी सोपं आहे. तिथे सुरुवातीच्या फायलींसाठी एक छोटा स्वतंत्र विभाग असतो, त्यात विंडोजची एक घडी आणि लिनक्सची एक घडी. आधी कोणाला हाक मारायची याची यादी मदरबोर्डवरच्या चिपमध्ये. विंडोजचं मोठं अपडेट झालं की कधी कधी विंडोज स्वतःला यादीत पहिली लावून घेते आणि लिनक्स गायब झाल्यासारखं वाटतं. मशीन सुरू होताना एफ-१२ किंवा एस्केप (कंपनीगणिक कळ वेगळी) दाबून यादी उघडायची आणि नाव निवडायचं. दुरुस्ती कसली, रांगेतला नंबर बदलायचा. यासाठी फॉर्मॅट मारलेलं मशीन मी पाहिलेलं आहे. माझ्याबरोबर नोकरीला असलेल्या एका मित्राच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात गेले. त्याने मान डोलावली होती.

आता धुळ्याची गोष्ट. माझी भाची देवपुरात राहते. तिच्या सासूबाईंना कानबाईची आणि जात्यावरची गाणी भरपूर यायची, अस्सल अहिराणी. नातवाने ती एका उन्हाळ्यात मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली, मग कॉम्प्युटरवर घेऊन मागचा पंख्याचा घरघराट काढून साफ केली. चाळीसेक गाणी. हे सगळं त्याने लिनक्सच्या बाजूला ठेवलेलं. सासूबाई गेल्या, मुलगा पुण्याला गेला. मागे ओळखीतल्या कोणीतरी 'डी ड्राइव्ह वाढवून देतो' म्हणून विंडोजमध्ये एक बिननावाचा विभाग पाहिला आणि उडवला. विंडोजला लिनक्सची जागा वाचता येत नाही, त्यामुळे ती तिला पडीक जमिनीसारखी दिसते. डी ड्राइव्ह वाढवायच्या आधी त्याने मशीन बंद करून चालू केलं, आणि पडद्यावर आलं : 'एरर : नो सच पार्टिशन', खाली 'ग्रब रेस्क्यू'.

भाचीचा फोन आला. "मामा, कॉम्प्युटर चालूच व्हत नही. दुकानवाला म्हणस, फॉर्मॅट मारनं पडी."

मी म्हटलं, "मशीन घरी आण आणि कोणालाही हात लावू देऊ नको. बटणसुद्धा दाबू नको."

त्या दोन ओळी नीट वाचल्या तर निदान तिथेच आहे. ग्रब हा दारावरचा भालदार. १९९५ साली एरिक बोलेन या माणसाने लिहायला घेतला आणि आज बहुतेक लिनक्सच्या दारात तोच, म्हणजे त्याचा नवा अवतार, उभा असतो. कोणाला आत सोडायचं याची वही त्याने लिनक्सच्या विभागात ठेवलेली असते. तो सांगत होता, माझी वही ज्या खोलीत होती ती खोली यादीत नाही. खोली जळाली असं तो म्हणत नव्हता. यादीत नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेलो. पिशवीत एक पेनड्राइव्ह, ज्यावरून लिनक्स थेट चालू करता येतं, डिस्कला धक्का न लावता. आणि एक रिकामी बाहेरची हार्ड डिस्क. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं आणि टेस्टडिस्क नावाची प्रणाली चालवली. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने लिहिलेली, फुकट वाटलेली. ती डिस्क चाळून पूर्वीच्या विभागांच्या सीमेवरच्या खुणा शोधते, तलाठ्याबरोबर येणारा मोजणीवाला जसा जुने दगड शोधतो तशी. पाच-सात मिनिटांत हरवलेला विभाग सापडला. आत काय आहे ते दाखव म्हटल्यावर फोल्डरांची यादी आली आणि त्यात नातवाने घातलेलं नाव, 'आजीनी गाणी'. आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. हा क्रम महत्त्वाचा, आधी नक्कल, मग दुरुस्ती. त्यानंतर विभागाची नोंद परत लिहिली, मशीन बंद करून चालू केलं. भालदाराला वही सापडली, विंडोज आणि लिनक्स दोन्ही नावं पडद्यावर. भाचीने एक गाणं लावलं आणि मधेच बंद करून स्वयंपाकघरात गेली. मी चहा येईपर्यंत वायरी गुंडाळत बसलो.

दुकानवाल्याने त्या दिवशी काय केलं असतं? सगळे विभाग मोडून एकच मोठा केला असता, त्यावर नवी विंडोज ओतली असती, बहुधा चोरीचीच, आणि पाचशे-सातशे रुपये घेऊन मशीन 'ओके' करून दिलं असतं. जिथे म्हातारीचा आवाज होता तिथे सॉलिटेअर आणि हवामानाच्या जाहिराती येऊन बसल्या असत्या. ही डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची, म्हणून निदान काही तुकडे नंतर हाती लागले असते. एसएसडी असती तर तेही नाही. तिच्यात ट्रिम म्हणून सोय असते, रिकामी म्हणून सांगितलेली जागा ती खरोखरच पुसून ठेवते.

आणि हे कुठे, तर धुळ्यात! इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला याच गावात वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड ज्या माणसाने काढले, त्याने आयुष्यभर केलं काय? गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरची धूळ खाल्लेली, वाळवी लागलेली दप्तरं सोडून पाहिली. रुमाल न सोडता, 'हे सडलंय, जाळून टाका, नवी वही देतो' असं ते म्हणाले असते तर? आमच्या घरातली दप्तरं आता डिस्कवर आहेत. वाळवीची जागा अपडेटने घेतली, इतकाच फरक.

दुकानातल्या मुलाचीही बाजू मी समजतो. त्याला महिन्याला मिळतं किती, आणि मालक सांगतो किती मशीनं उरकायला. फॉर्मॅट लावून दिला की तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळू शकतो. डेटा वाचवायचा तर बसून डोकं लावावं लागतं, आणि त्याचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. दीडशे रुपयांची घासाघीस करणारे आपणच. पण मग त्याने तसं सांगावं ना, की काका, वाचवता येईल, तीन तास लागतील, इतके पैसे होतील. 'मारावाच लागेल' कशाला म्हणायचं? जमत नाही आणि होत नाही यातला फरक लपवणं, माझा राग एवढ्यावरच आहे.

मोठी उदाहरणं पाहा. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फायलीने जगभरची विंडोज मशीनं निळी पडली. मायक्रोसॉफ्टनेच आकडा दिला, अंदाजे ८५ लाख. विमानं अडकली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले. त्या मशीनवरचा उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जायचं आणि ती एक फाइल काढून टाकायची. कामाची ती मशीनं कोणी सरसकट फॉर्मॅट करत सुटलं नाही. मग भाचीचं मशीन काय कमी महत्त्वाचं?

पुढच्याच महिन्यात खास आम्हा दोन संसारवाल्यांवर गदा आली. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर अनेकांचं लिनक्स उघडेना. पडद्यावर ओळ यायची, 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग'. काहीतरी भयंकर बिघडलंय. (असल्या वेळी असलं वाक्य लिहिणाऱ्याला मी दहापैकी शून्य दिला असता. काय बिघडलंय ते सांग की!) मूळ कारण खोटं नव्हतं. ग्रबमध्ये २०२२ साली एक भगदाड उघडकीला आलं होतं, त्यातून सिक्युअर बूटची राखण चुकवता येत होती. म्हणून जुने, भगदाडवाले भालदार आत सोडू नका अशी यादी मायक्रोसॉफ्टने मदरबोर्डच्या चिपमध्ये लिहून टाकली. ड्युअल बूट असलेल्या मशीनवर ही यादी लागणार नाही असं तिनेच सांगितलेलं होतं. लागली. ड्युअल बूट करायच्या काही पद्धती त्या अपडेटला ओळखताच आल्या नाहीत. उपाय होता : सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये शिरा, एका आज्ञेने ती यादी पुसा, मशीन परत चालू करा, सिक्युअर बूट पुन्हा लावा. पण दुकानात नेलेल्या मशीनचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. कंपनीकडून हा दोष मिटायला मे २०२५ उजाडला. नऊ महिने! शेजाऱ्याचं कुलूप बदलून नऊ महिने किल्ली न देणाऱ्याला आमच्या गल्लीत काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लिनक्सवाल्यांनीही गालात हसू नये. ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, शेजारी विंडोज आहे का ते पाहण्याची सोय सुरक्षेसाठी मुळातच बंद करून दिली. त्यानंतर लिनक्सचं अपडेट घेतलं की काही जणांच्या यादीतून विंडोजच गेली. भाबडा माणूस समजतो, विंडोज पुसली गेली. विचारायला जावं तर उत्तर मिळतं, 'आधी माहितीपुस्तक वाचा.' आणि पुस्तक इंग्रजीत. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या पोराला 'पुस्तकात आहे' म्हणून खाली बसवणारे मास्तर माझ्याही शाळेत होते. त्यांच्याकडे पोरं शिकली नाहीत.

हे शिकवायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. आमच्या पिढीच्या मास्तरांनी इन्क्रिमेंटच्या धाकाने एमएस-सीआयटी केली. एमकेसीएल २००१ साली निघाली, गावोगाव केंद्रं झाली, लाखो माणसांच्या हाताला माऊस लागला, हे श्रेय त्यांचं. पण शिकवलं काय, तर ठळक कसं करायचं, तक्ता कसा घालायचा. मशीन सुरू होतं कसं, विभाग म्हणजे काय, नक्कल कशी काढून ठेवायची, हे परीक्षेत मार्काला नाही म्हणून डोक्यात नाही. केरळने २००१ मध्येच शाळांसाठी आयटी ऍट स्कूल हा प्रकल्प काढला, पुढे सगळ्या शाळा मुक्त प्रणालींवर नेल्या, २०१७ मध्ये त्याची काइट ही स्वतंत्र कंपनी केली. तिथे दहावीतलं पोर लिनक्सवर परीक्षा देतं. आमच्या इथे सीडॅकने २००७ मध्ये बॉस नावाचं लिनक्स काढलं, त्यात मराठीही होती. जिल्ह्यातल्या किती शाळांत ते सुरू झालेलं मी पाहिलं? एकाही नाही.

असो. राग बाजूला ठेवून घरच्यांसाठी दोन गोष्टी. दुकानात जायचीच वेळ आली तर काळ्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून मला पाठवा, आणि दुकानवाल्याला सांगा, आधी डिस्क बाहेर काढून दुसऱ्या मशीनला लाव, नक्कल घे, ती मला उघडून दाखव, मग काय मारायचं ते मार. तो 'होत नाही' म्हणाला तर मशीन उचला आणि घरी या.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची. नव्या विंडोज ११ च्या मशीनवर पुष्कळदा डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते, आपल्याला पत्ताही नसतो. सिक्युअर बूट बंद केलं किंवा सुरुवातीच्या सेटिंगमध्ये हात घातला, की ती ४८ आकड्यांची किल्ली मागते. किल्ली नसेल तर मात्र टेस्टडिस्क नाही, मी नाही, कोणीच काही करू शकत नाही. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. आजच, मशीन चालू आहे तोवर, उघडून पाहा आणि कागदावर उतरवून घ्या. चाळीसगावच्या वहिनींनी हे आकडे फोनवर मला वाचून दाखवू नयेत. दिवाळीच्या पाककृतींच्या वहीत शेवटच्या पानावर लिहावेत, आणि ती वही रद्दीत देऊ नये.